लघवीवरून जठराच्या कर्करोगाची चाहूल



हा लेख उसाचा नाही, तरी आम्ही का लिहितो ते आधी सांगतो. मागील हंगामात आमच्या गटातील एक सभासद पोटात जळजळते म्हणून चार-पाच महिने खायचा सोडा आणि पित्ताच्या गोळ्या घेत राहिले. आम्ही बांधावर विचारले, तर "ऊस एकदा तुटून जाऊ द्या साहेब, मग बघू" म्हणाले. ऊस तुटला, खोडवा फुटला, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली. जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले, मधुमेहाची साखर लघवीत कळते, तसा हा रोग कळत नाही काय?

प्रश्न रास्त आहे. जपानमधील नागोया सिटी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यावरच काम करून २०२० साली ते प्रसिद्ध केले. मूत्रपिंड रक्त गाळते, त्या गाळणीतून काही प्रथिने अगदी अल्प प्रमाणात लघवीत उतरतात. जठरात गाठ असली की त्यातल्या काहींचे प्रमाण बदलते. अशा खुणेला मार्कर म्हणतात. या डॉक्टरांनी टीएफएफ-१ आणि एडॅम-१२ ही दोन प्रथिने निवडली. पहिले जठराच्या अस्तराची डागडुजी करणारे, दुसरे पेशींभोवतीची प्रथिने कापणारे. जोडीला हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी धरली, तर सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्णही बऱ्याच प्रमाणात वेगळे ओळखता येतात असे त्यांना आढळले. सुई नाही, नळी नाही.

मग अडले कुठे? आपल्या ब्रिक्स मीटरचेच उदाहरण घ्या. उभ्या उसाचा थेंबभर रस काचेवर घेतला की पक्वतेचा अंदाज येतो. पण चार दिवसांपूर्वी पाणी दिलेल्या प्लॉटचा ब्रिक्स उतरतो. लघवीचेही तसेच, तांब्याभर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ. त्यासाठी प्रयोगशाळेत क्रिएटिनिनशी प्रमाण लावून हा फरक काढतात. दुसरे असे, की ब्रिक्समध्ये साखरेबरोबर रसातले क्षारही मोजले जातात. खरी साखर प्रयोगशाळेत पोल काढल्यावरच कळते. एडॅम-१२ सुद्धा स्तनाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगात वाढलेले आढळते. म्हणजे लघवी फार तर संशय दाखवील. निकाल द्यायचा तो दुर्बिणीने जठर पाहून, तुकडा काढून तपासल्यावरच.

शिवाय, एखाद्या तपासणीने माणसे वाचतात हे सिद्ध करायला वर्षे लागतात. त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर अभ्यास केला. आठ वर्षे पाठपुरावा झाला, २००९ साली निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. आपल्यासारख्याच खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या. जठरासाठी लघवीची तपासणी अजून या कसोटीतून गेलेली नाही. तेव्हा 'लघवीच्या एका थेंबात कॅन्सर ओळखा' अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नयेत.

हेलिकोबॅक्टरचे मात्र आजच करता येते. वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियात हा जंतू जठरात शोधला. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. या कर्करोगाचे ते मोठे कारण. डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स पुरा केला तर बहुतेकांच्या पोटातून तो जातो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणारे मात्र आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तंबाखूनेही या रोगाचा धोका वाढतो. मशेरी लावणाऱ्या भगिनी रागावतील, तरी लिहितो.

दोन घासांत पोट भरणे, अन्न गिळताना अडकणे, विनाकारण वजन उतरणे, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौचास होणे (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते डॉक्टरांना सांगावे) यातले काही असेल, किंवा चाळिशीनंतर अपचन हटत नसेल, तर दुर्बिणीची तपासणी करावी. त्या दिवशी रात्रीपासून उपाशीपोटी जायचे. तपासणीला काही मिनिटे लागतात, घसा थोडा वेळ बधिर राहतो. आणि तोडणी आडवी येत असेल तर चिटबॉयजवळ निरोप द्या किंवा गट ऑफिसला या. चिठ्ठीची तारीख चार दिवस पुढेमागे करून देऊ.