जुन्या पिकअपचा नवा हौदा

पनवेलहून कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तुम्ही गॅरेजांची रांग पाहिली असेल. कोठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात, कोठे जॅकवर उचललेल्या गाडीखाली मिस्त्री उताणा पडून काम करत असतो. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, पेणच्या गणेशमूर्ती, करंजा बंदराची मासळी, आसपासच्या गावांचा भात आणि भाजीपाला अशा सगळ्या मालाची वाहतूक या भागातून चालते. त्यातला पुष्कळसा माल लहान मालमोटारी वाहून नेतात. आपण त्यांना सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो. हे खरे तर एका जर्मन कंपनीचे नाव. तिच्या सहकार्याने १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी निघाली आणि कंपनीचे नावच मराठीत वाहनाचे नाव होऊन बसले.

नवी गाडी महाग असते. म्हणून धंदा सुरू करणारा माणूस बहुधा जुना पिकअप घेतो आणि आपल्या गरजेप्रमाणे तो ‘करून घेतो’. हौद्याला उंच फाळके लावायचे, मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा, थोडे मोठे टायर बसवायचे, चार दिवे जास्त लावायचे. काही हौशी मंडळी ही कामे घरच्या घरी करतात. यांतला प्रत्येक बदल गाडीचे वागणे बदलतो. तो कसा, हे शाळेत शिकलेल्या विज्ञानाने ताडून पाहता येते. आज आपण तेच करू.

वजन किती, आणि ते कोठे?

प्रत्येक वस्तूचे सारे वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. हा बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. उभी गाडी एका बाजूला कलवत नेली, तर गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा चाकांच्या आत आहे तोवर गाडी सावरते. ती रेषा चाकाबाहेर गेली की गाडी उलटते. म्हणजे गाडीचा तोल दोन मापांवर अवलंबून असतो: डाव्या व उजव्या चाकांमधले अंतर, आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अंतराच्या निमपटीला उंचीने भागले की जो अंक येतो, त्याला आपण ‘तोलाचा अंक’ म्हणू. हा अंक म्हणजे गाडी ज्या कोनात उलटेल त्या कोनाचा टॅन्जंट होय.

आता एक उदाहरण करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण लहान पिकअपला साजेसे आहेत. रिकाम्या गाडीचे वजन १७०० कि.ग्रॅ. आणि तिचा गुरुत्वमध्य ०.६५ मीटर उंचीवर. चाकांमधले अंतर १.४ मीटर. हौद्याचा तळ जमिनीपासून ०.९ मीटर उंच, लांबी २.५ मीटर आणि रुंदी १.६ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर. माल १३०० कि.ग्रॅ.

हा माल तीन प्रकारचा असू शकतो. पहिला, पोलादी पत्रा. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ७८५० कि.ग्रॅ. असते. म्हणून १३०० कि.ग्रॅ. पोलाद हौद्याच्या तळावर पसरले, तर जाडी होते जेमतेम ४ सें.मी. दुसरा, तांदळाची पोती. त्यांची रास सुमारे ४३ सें.मी. उंच होते. तिसरा, हलका पण जागा खाणारा माल, उदाहरणार्थ पालेभाजीचे क्रेट. एका घनमीटरात २०० कि.ग्रॅ. मावतात असे धरले, तर रास १.६ मीटर उंच जाते. ती सांडू नये म्हणूनच उंच फाळके लागतात.

रासेचा गुरुत्वमध्य तिच्या निम्म्या उंचीवर असतो. पोलादाचा जमिनीपासून ०.९२ मीटर, पोत्यांचा १.१२ मीटर आणि क्रेटचा १.७ मीटर. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य काढण्यासाठी दोघांचे वजन व उंची यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यायची आणि एकूण वजनाने भागायचे. क्रेटसाठी ते असे:

(१७०० × ०.६५ + १३०० × १.७) ÷ ३००० = १.१ मीटर (सुमारे)

याच रीतीने पोत्यांसाठी ०.८५ मीटर आणि पोलादासाठी ०.७७ मीटर येते. यावरून गाडी कोणत्या कोनात उलटेल ते पाहा: रिकामी ४७ अंश, पोलाद भरलेली ४२ अंश, पोती भरलेली ३९ अंश आणि क्रेट भरलेली ३२ अंश. तिन्ही वेळा मालाचे वजन अगदी सारखेच होते! काट्यावर काहीच फरक दिसणार नाही. फरक पडला तो उंचीने.

वळणावर काय होते?

तुम्ही म्हणाल, ३२ अंश कललेला रस्ता असतोच कोठे? बरोबर आहे. पण वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला रेटा बसल्यासारखे होते आणि हा रेटा कलत्या रस्त्यासारखेच काम करतो. रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. वळणाची त्रिज्या २० मीटर धरली, तर गणिताप्रमाणे पोलाद भरलेली गाडी ताशी सुमारे ४९ किलोमीटर वेगाला, पोती भरलेली ४६ ला, आणि क्रेट भरलेली ४१ किलोमीटरलाच उलटण्याच्या बेताला येईल. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, माल सरकतो, म्हणून ही वेळ याहूनही आधी येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ या घर्षणांकाएवढी असते. रिकाम्या गाडीचा तोलाचा अंक १.०८ आहे, म्हणजे पकडीपेक्षा मोठा. अशी गाडी वेगाने वळवली तर आधी चाके घसरतात, टायर किंचाळतात आणि चालक सावध होऊन वेग कमी करतो. क्रेट भरलेल्या गाडीचा अंक मात्र ०.६३ आहे, पकडीपेक्षा लहान. ती घसरण्याच्या आधीच उलटते. उंच फाळक्यांनी गाडीची सूचना देण्याची सवयच मोडली! चालकाला गाडीचा हात बसलेला असतो तो जुन्या सवयीवर. घात होतो तो इथे.

पाटा वाढवला की काय होते?

हलक्या मालाचे पाहिले, आता जड मालाचे पाहू. पोलाद भरलेला हौदा डोळ्यांना रिकामाच दिसतो. त्याच हौद्यात पोलाद ४० सें.मी. उंचीपर्यंत भरले, तर वजन साडेबारा टन होईल. म्हणून मालकाला वाटते, ‘अजून थोडे बसेल’. मागचे पाटे दबलेले दिसतात तेव्हा तो मिस्त्रीला एक पाटा वाढवायला सांगतो.

समजा, सारख्या जाडीचे पाच पाटे होते आणि सहावा घातला. पूर्वी एखाद्या वजनाने पाटे १२ सें.मी. दबत असतील, तर आता ते १० सें.मी. दबतील. गाडी कमी वाकलेली दिसेल आणि मालक समाधानाने मान डोलवेल. परंतु कमी झाले ते फक्त दबणे; वजन तेवढेच आहे. एक्सल, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक हे सारे जुनेच आहेत. वाढवलेला पाटा वजन पेलतो त्यापेक्षा ते लपवतो अधिक.

आता ब्रेकचा विचार करा. ब्रेक पूर्ण ताकदीने लावले असता ३००० कि.ग्रॅ.ची गाडी २४ मीटरवर थांबत असेल, तर त्याच ब्रेकवर ४००० कि.ग्रॅ.ची गाडी ३२ मीटरवर थांबेल. आठ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारी एक अख्खी रांग.

पनवेलकरांना तर पुण्याच्या वाटेवर बोरघाट ठरलेलाच. खंडाळ्याहून खाली खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर उतरावे लागते. ३००० कि.ग्रॅ.ची गाडी एवढी उतरली की दीड कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कोठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेत सुमारे ४९ लिटर पाणी उकळीला येईल! गाडी ४००० कि.ग्रॅ.ची असेल तर ६५ लिटर. ही सारी उष्णता ब्रेकच्या डब्यांत गेली तर ब्रेक तापून त्यांची पकड ढिली पडते. म्हणूनच जाणता चालक उतारावर खालचा गिअर घालतो आणि इंजिनाकडून गाडी आवरून घेतो. ‘न्यूट्रल’मध्ये डिझेल वाचवणारा मात्र हा सगळा भार ब्रेकवर टाकतो.

टायर, दिवे आणि गंज

मोठे टायर गाडीला रुबाब देतात. पण टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दहा टक्के अधिक अंतर जाते. वेगदर्शकाला हे कळत नाही. तो ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने धावत असते. शिवाय गाडी उंच होते, म्हणजे गुरुत्वमध्यही वर जातो.

दिव्यांचे गणित सोपे आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ ॲम्पिअर धारा घेतात. त्याच तारेवर आणखी दोन जोडले की धारा दुप्पट होते. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट होते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि जुन्या गाडीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे गंज. कोकणातला पाऊस, दमट हवा आणि मासळीच्या टोपल्यांतून गळणारे खारे पाणी लोखंडाला लवकर खातात. वरून चकचकीत रंग असला तरी चासीचे जोड आतून पोखरलेले असू शकतात. अशा चासीवर नवा हौदा चढवणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर माळा बांधणे.

मग हाताने काय करावे?

पुष्कळ करता येते. हौद्याचा गंज खरवडून रेड ऑक्साइड व रंग लावावा. पाणी निचरण्याची भोके मोकळी करावीत. तळाला रबरी चटई अंथरावी म्हणजे माल सरकत नाही. मागे व बाजूंना प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. दोर अडकवण्याच्या कड्या तपासाव्यात. यांतल्या एकाही कामाने गाडीचा तोल बिघडत नाही; उलट सुरक्षितता वाढते.

बाकी बदलांना कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात ठरवलेला आणि नोंदणी पुस्तकात नोंदवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. मान्यताप्राप्त सी.एन.जी. संच बसवण्यासारख्या काही बदलांना कायद्यात वाट आहे, पण ती परिवहन कार्यालयातूनच जाते. एम.एच. ४६ पाटीच्या गाड्यांचे हे काम पनवेलच्या कार्यालयात होते.

शिवाय व्यवहाराचाही एक हिशेब आहे. माल धरून गाडीचे एकूण वजन किती असावे हे ठरलेले असते. २०० कि.ग्रॅ.चा लोखंडी पिंजरा चढवला, तर १३०० ऐवजी ११०० कि.ग्रॅ.च माल भरता येईल. म्हणजे प्रत्येक खेपेला २०० कि.ग्रॅ. लोखंड फुकट हिंडवायचे, आणि त्याचे डिझेल आपल्याच खिशातून!

प्रयोग करून पाहा

वाहनांच्या चाचणीत गाडी कलत्या चौथऱ्यावर चढवून तिचा तोल तपासतात. तुम्हीही हे लहान प्रमाणावर करू शकता. चहाचा एक रिकामा, उभट खोका घ्या. मूठभर नटबोल्ट फडक्यात घट्ट बांधून खोक्याच्या तळाशी चिकटवा. एका फळीवर खोका सरकू नये म्हणून पॉलिश कागद, खरखरीत बाजू वर करून, चिकटवा. खोका त्यावर उभा ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला. खोका पडतो तो कोन कोनमापकाने मोजा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. मग तीच पुरचुंडी खोक्याच्या मध्यावर आणि शेवटी वरच्या टोकाला चिकटवून पुन्हा मोजा. तिन्ही कोनांवरून गुरुत्वमध्याची उंची काढा: खोक्याच्या रुंदीच्या निमपटीला कोनाच्या टॅन्जंटने भागा.

स्वाध्याय

१. पेणहून आणलेल्या गणेशमूर्तींचे वजन २०० कि.ग्रॅ. आहे. त्या फळ्यांच्या माळ्यावर ठेवल्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य २ मीटर उंचीवर आहे. वरच्या उदाहरणातील गाडीचा मालासह गुरुत्वमध्य काढा. मूर्ती क्रेटपेक्षा उंच असूनही धोका कमी का?

२. पुढच्या व मागच्या एक्सलमधले अंतर ३ मीटर आहे. हौदा मागे वाढवून ३०० कि.ग्रॅ. माल मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे ठेवला. पुढच्या चाकांवरचे वजन किती कमी होईल? झोपाळू फळीचा नियम आठवा. याचा स्टिअरिंगवर काय परिणाम होईल?

३. रस्ता ओला असेल तर घसरणे आधी की उलटणे आधी? घर्षणांक ०.४ धरून चारही उदाहरणे तपासा.

(उत्तरे: १. सुमारे ०.७९ मीटर, उंची जास्त, पण वजन थोडे. २. १०० कि.ग्रॅ.; स्टिअरिंग हलके होऊन गाडी नीट वळत नाही. ३. चारही वेळा घसरणे आधी.)

यापुढे रस्त्यावर उंच फाळक्यांचा पिकअप दिसला, तर त्यात काय भरले आहे ते पाहा आणि त्याचा गुरुत्वमध्य कोठे असेल याचा मनाशी अंदाज बांधा. आणि घरचे किंवा शेजारचे कोणी जुनी गाडी घेणार असतील, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी त्यांच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा.