तोंडातले जाते

परवा खिचडीच्या पंगतीत दोघांची पैज लागली. आधी ताट कोण संपवतो! एक जण जिंकला खरा, पण त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले. म्हणून आज घास चावण्याविषयी थोडेसे.

लग्नघरी हळदीच्या दिवशी तुम्ही जाते पाहिले असेल. त्याचा खालचा दगड जागचा हलत नाही, वरचा फिरतो. आपल्या तोंडातही एक जाते आहे, पण उलटे! वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो, खालचा हलतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. हलतंय ना? तो जबड्याचा सांधा. आता गालावर हात ठेवून दात घट्ट आवळा. हाताला टणक लागतो तो चावण्याचा स्नायू.

पुढचे पटाशीचे दात भाकरीचा तुकडा तोडतात, सुळे फाडतात आणि दाढा दळतात. जात्यात मूठमूठ दाणे घालतात ना, तसा जीभ आणि गाल घास पुन्हा पुन्हा दाढांखाली सारतात. त्यात लाळ मिसळते. भाकरीचा घास बराच वेळ चावून पहा, गोडसर लागेल. लाळेमुळे त्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊ लागते. बारीक, ओला घास घशातून सहज उतरतो. न चावलेला मोठा तुकडा घशात अडकू शकतो. घास तोंडात असताना हसलो, बोललो, तर कण श्वासनलिकेकडे जातो आणि ठसका लागतो.

कोण किती चांगले चावतो, हे मोजता येते बरे का! अमेरिकेतल्या मॅनली आणि ब्रेली या संशोधकांनी १९५० साली यासाठी चक्क शेंगदाणे वापरले. ठरावीक वेळा चावायचे, गिळायचे नाही. मग तो चोथा पाण्याने चाळणीतून धुवायचा. जितका जास्त चाळणीखाली गेला, तितके चावणे चांगले. आता दोन रंगांचे च्युइंगम चावायला देऊनही पाहतात. रंग जितके एकजीव, तितके चावणे उत्तम.

करून पहा (घरी मोठ्यांसमोर) : ५ भाजलेले शेंगदाणे उजव्या बाजूने २० वेळा चावून वाटीत काढा. पाणी घालून चाळणीतून गाळा. वर किती तुकडे राहिले ते पहा. मग तसेच डाव्या बाजूने करा. वाटी, चाळण स्वच्छ धुऊन ठेवा. शेंगदाणे सोसत नसतील त्यांनी हा प्रयोग करू नये. लहान भावंडांना अख्खे शेंगदाणे देऊ नका.

दोन्ही बाजूंत खूप फरक पडला? कदाचित दुधाचा दात पडला असेल. पण दाढ दुखते म्हणून तुम्ही एकाच बाजूने चावत असाल, तर घरी सांगा, लपवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुधाचे दात २०, पक्के दात ३२. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा एकूण ४. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना त्या दुधाच्याच वाटतात. "किडली तर किडली, पडेल नि दुसरी येईल," असं म्हणतात. पण दुसरी येत नाही! ती पक्की दाढ असते, जन्मभराची. दात गेलेली आजी भाकरी दुधात कुस्करून का खाते, ते तिला विचारा. दाढेची किंमत तीच सांगेल.

म्हणून सकाळी आणि रात्री झोपताना दात घासा. मागच्या दाढा विसरू नका. दाढेवर काळा खड्डा दिसला तर दुखायची वाट न पाहता दवाखान्यात दाखवा.

आजचा अभ्यास : घरी आरशात पाहून आपली सहाव्या वर्षाची दाढ शोधा. कितींना सापडली, ते उद्या वर्गात सांगा. आणि हो, पंगतीत पैज नको!