मॉरिशसला निघण्यापूर्वी

आमच्या मामांनी निवृत्तीच्या पैशांतून मॉरिशसचा बेत आखला आणि थंडीचे दिवस बरे म्हणून जानेवारी २०२४ ठरविला. नेमके तेव्हाच ‘बेलाल’ चक्रीवादळ आले, पोर्ट लुईत पूर आला, विमानतळ बंद झाला. मामा-मामी दोन दिवस खोलीत कोंडून राहिली.

चूक भूगोलाची होती. हे बेट सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणजे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा, पावसाचा व वादळांचा काळ; मे ते ऑक्टोबर हवा कोरडी व सौम्य. पण एवढ्यावर भागत नाही. आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये जोर असतो. पूर्वेचा बेल मारचा किनारा तेव्हा वाऱ्याने झोडपला जातो, तर डोंगरांच्या आडोशाचा, पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक बराच शांत असतो. म्हणून हॉटेलच्या रंगीत चित्रांआधी नकाशा उघडावा! विमानतळ आग्नेयेस आणि ग्रां बे उत्तरेस, म्हणजे उतरल्यावर बहुतेक सारे बेट ओलांडणे आले.

मुंबईहून विमानाला सुमारे सहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे घ्यावे.

एक दिवस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी राखावा. १८३४ पासून येथे भारतीय करारबद्ध मजूर उतरले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. गणेश चतुर्थीला तेथे आजही सार्वजनिक सुटी असते.

मामा आता भाद्रपदात पुन्हा जाऊ म्हणतात. मामींनी अद्याप होकार दिलेला नाही.