तिसऱ्यांदा नीट देण्याआधी

नीटचा निकाल लागला की माझा फोन सकाळी साडेसातपासून वाजू लागतो. पलीकडे आई असते किंवा वडील, मुलगा-मुलगी क्वचितच. प्रश्न ठरलेला: "सर, यंदाही थोडक्यात हुकलं. अजून एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यायचा का?" पहिल्या ड्रॉपचं उत्तर मी मार्क बघून आणि मुलाशी बोलून देतो. दुसऱ्या ड्रॉपला माझं उत्तर 'नको' असतं. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्याही आत होत्या. आणखी एका क्लासची फी भरून हे गणित बदलत नाही.

बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते अशा मुलांबद्दल, ज्यांना बायोलॉजीत सांगाडा आणि सांधे मनापासून आवडतात, पण 'डॉक्टर व्हायचंय' हे वाक्य ज्यांच्या तोंडी घरच्यांनी घातलेलं असतं. त्यांनी एकदा पुरारोगविज्ञानाकडे, म्हणजे पॅलिओपॅथॉलॉजीकडे बघावं. उत्खननात सापडलेल्या माणसांचे आजार त्यांच्या हाडांवरून ओळखण्याचं हे शास्त्र आहे.

तुमच्या आजीचे गुडघे दुखतात ना? सांध्यातली कूर्चा झिजून गेली की हाडावर हाड घासतं आणि घासलेली जागा गुळगुळीत होऊन चकाकू लागते. सांध्याच्या कडेला हाडाची नवी टोकं फुटतात. मांस आणि कूर्चा मातीत विरून जातात, पण ही चकाकी आणि ही टोकं हजारो वर्षांनीही हाताला लागतात. हे ओळखणं सोपं वाटतं, पण त्यात मोठमोठी माणसं चुकली आहेत. फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ इथे १९०८ साली एका निअँडरथल माणसाचा सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल या नामवंत शास्त्रज्ञाने त्यावरून निअँडरथल म्हणजे गुडघ्यात वाकून चालणारा, ओबडधोबड प्राणी असं चित्र उभं केलं. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या शास्त्रज्ञांनी तीच हाडं पुन्हा तपासली. त्या माणसाच्या मणक्यांना जबर संधिवात झालेला होता. एका आजारी म्हाताऱ्याकडे बघून जवळजवळ अर्धं शतक जगाने एका अख्ख्या मानवजातीबद्दल मत बनवलं होतं!

या विषयातली मला सर्वात आवडणारी गोष्ट १९९२ साली एका निबंधात ठळकपणे मांडली गेली. हाडावर आजाराची खूण उमटायला वेळ लागतो. त्यामुळे खूण असलेला माणूस आजाराशी बरीच वर्षं झुंजलेला असतो, आणि स्वच्छ हाडांचा माणूस पहिल्याच तडाख्यात गेलेलाही असू शकतो. घोकंपट्टी करणाऱ्याला हे सुचत नाही. विचार करणाऱ्या मुलाला असल्या कोड्याने झोप येत नाही, आणि मी शोधतोय तो असाच मुलगा.

यासाठी परदेशात जायला हवं असंही नाही. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दोनशेहून जास्त दफनं तिथे मिळाली. त्यांतली बरीचशी लहान मुलांची, घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेली. राजस्थानातल्या बालाथलच्या, सुमारे चार हजार वर्षं जुन्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या कामातही डेक्कन कॉलेजचे संशोधक होते.

वाट अशी आहे. बीएस्सी प्राणिशास्त्र किंवा मानवशास्त्र करा. फिजिओथेरपी किंवा दंतवैद्यकाची पदवी असेल तर तीही इथे फार कामाची. मग डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए किंवा विद्यापीठात मानवशास्त्राचं एमएस्सी, आणि पुढे पीएचडी. नेट या पात्रता परीक्षेसाठी पुरातत्त्व आणि मानवशास्त्र हे दोन्ही विषय आहेत. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये विद्यावेतन आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पक्की जागा मिळेपर्यंत वय तिशीपलीकडे जाऊ शकतं. ज्या घराला लगेच कमावता हात हवा आहे, त्यांना मी हा रस्ता सुचवत नाही.

पण "लोक काय म्हणतील, मुलगी मढी उकरते" असं म्हणणाऱ्या वडिलांना मी स्पष्ट सांगतो: लाज तुम्हाला वाटतेय, वर्षं तिची जातायत. तीन-तीन वर्षं एका खोलीत कोंडून घेतलेली मुलं मी समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांना "तुला काय आवडतं?" असं विचारलं की ती आधी आईकडे बघतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला स्वतःची आवड सांगायला परवानगी लागते, हे मला कमी मार्कांपेक्षा कितीतरी भयंकर वाटतं. क्लासच्या तिसऱ्या हप्त्याचा चेक लिहिण्याआधी एक दिवस काढा. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाची वेळ फोनवर विचारून घ्या आणि मुलीला घेऊन जा. ती आत असेपर्यंत तुम्ही बाहेर झाडाखाली बसा, आणि परत येताना गाडीत तिला काहीही विचारू नका.