दगडावरचं शेवाळ आणि पुसट अक्षरं

वाचनपाठ : पातळी ४

वाचण्याआधी : पावसाळी, उदास वाटणाऱ्या जागेचा फोटो तुम्ही कधी काढला आहे का? तेव्हा तिथे काय आवडलं होतं?

फोटो काढायला बहुतेक लोक ऊन पडायची वाट बघतात. काही लोक मात्र उलटे असतात. आभाळ भरून आलं, धुकं उतरलं, की ते कॅमेरा घेऊन बाहेर पडतात आणि थेट एखाद्या जुन्या दफनभूमीत जातात. घरी सांगितलं तर आजी म्हणणार, "अगं, तिन्हीसांजेला तिथे कशाला कडमडायला जातेस? दुसरी जागा नाही का मिळाली?" आजीचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण जपानमध्ये गेलात, तर हा मोह तुम्हालाही होईल.

जपानमधली अशी सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे कोया पर्वतावरचं ओकुनोइन. ओसाकाहून रेल्वेनं निघायचं, शेवटचा चढ केबल कारनं चढायचा, की आपण सुमारे ८०० मीटर उंचीवर पोचतो. कूकाई नावाच्या बौद्ध भिक्षूनं इ. स. ८१६ मध्ये इथे मठ वसवायला घेतला. ओकुनोइनची वाट साधारण दोन किलोमीटरची आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त थडगी आणि स्मारकं आहेत. वर शेकडो वर्षांची उंच झाडं. जपानीत या झाडाला 'सुगी' म्हणतात. (आपली सुगी वेगळी, ती पिकांची!) झाडं इतकी दाट आहेत, की ऊन खालपर्यंत पोचतच नाही. सगळीकडे ओल, आणि दगडांवर मऊ, हिरवंगार शेवाळ.

अशा ठिकाणी फोटो चांगला का येतो? पहिलं कारण अगदी साधं आहे : प्रकाश. कडक उन्हात दगडाची एक बाजू पांढरी पडते आणि दुसरी काळी. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून दगडाचा खडबडीतपणा, भेगा, शेवाळाचे वेगवेगळे हिरवे रंग, सगळं नीट दिसतं. पाऊस नुकताच थांबला असेल तर फारच छान. अक्षरं वाचायची असतील तेव्हा मात्र सकाळचं तिरकं ऊन हवं. तिरक्या उन्हात कोरलेल्या रेघांमध्ये सावली पडते आणि पुसट नाव उठून दिसतं.

दुसरं कारण मनातलं आहे. काळानं झिजलेल्या, जुन्या झालेल्या वस्तूत जे शांत सौंदर्य असतं, त्याला जपानीत 'साबी' असा शब्द आहे. मराठीत आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो, पण ते वेगळं. आपल्या म्हणीत जुन्या वस्तूची किंमत आहे. साबीमध्ये वस्तू झिजली आहे, हेच आवडण्याचं कारण आहे.

आता एक गंमत. ओकुनोइनमध्ये एक आकार पुन्हापुन्हा दिसतो : एकावर एक ठेवलेले पाच दगड. खाली चौकोनी ठोकळा, त्यावर गोल, मग उतरत्या छपरासारखा, मग अर्धगोल आणि सगळ्यांत वर टोकदार मण्यासारखा. याला 'गोरिन्तो' म्हणतात. हे पाच दगड म्हणजे पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि आकाश. ओळखलंत ना? आपली पंचमहाभूतं! पुष्कळ गोरिन्तोंवर पाच अक्षरंही कोरलेली असतात. ती जपानी नाहीत, संस्कृत आहेत. लिपीचं नाव सिद्धम्. देवनागरी आणि सिद्धम् या दोन्ही लिपी ब्राह्मीपासून आल्या. खालून वर वाचलं तर अक्षरं अशी : अ, व, र, ह, ख. सगळ्यांत वरचं 'ख' म्हणजे आकाश. 'खगोल' आणि 'खग' (पक्षी) या मराठीतल्या शब्दांत तेच 'ख' आहे. म्हणजे जिथे आपण फक्त 'वातावरण' टिपायला गेलो, तिथे आपल्या ओळखीची अक्षरं आपल्याकडे बघत असतात.

थडग्यांमागे उभ्या केलेल्या लांब लाकडी फळ्या वाऱ्यात खडखड वाजतात. त्यांना 'सोतोबा' म्हणतात. तो शब्द आपल्या 'स्तूप' या शब्दावरून गेला.

वाटेच्या शेवटी एक छोटा पूल आहे. त्याच्या पलीकडे फोटो काढायला मनाई आहे. तिथे कूकाईची समाधी आहे. इ. स. ८३५ पासून तो मेलेला नाही, ध्यानात बसला आहे, अशी श्रद्धा आहे, आणि भिक्षू आजही रोज त्याच्यासाठी जेवण नेतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे पुलापाशी कॅमेरा पिशवीत ठेवताना फारसं वाईट वाटत नाही.

पुलाच्या अलीकडचा प्रश्न जास्त अवघड आहे. तिथे फोटो चालतो, पण प्रत्येक दगड कुणाच्या तरी घरचा आहे. जपानमध्येही जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं. फरक एवढाच, की आपण अस्थी नदीत सोडतो आणि ते घराण्याच्या थडग्याखाली ठेवतात. घरचे लोक येतात, दगडावर पळीनं पाणी ओततात, फुलं ठेवतात. पण मुलं शहरात गेली, कुणाला मुलंच नव्हती, की येणारं कोणी उरत नाही. अशा थडग्याला 'मुएन' म्हणतात, म्हणजे नातं तुटलेलं. ओकुनोइनमध्ये असे दगड एकत्र रचून त्यांचा मोठा ढीग केलेला आहे. इतर दफनभूमींत ते हलवले जातात. १९९९ मध्ये नियम बदलला : सरकारी राजपत्रात सूचना द्यायची, थडग्यापाशी वर्षभर पाटी लावायची, आणि कोणीच पुढे आलं नाही तर जागा मोकळी करता येते.

म्हणून झिजलेलं, वाकडं झालेलं, शेवाळानं झाकलेलं थडगं फोटोत सर्वांत सुंदर दिसतं, आणि बऱ्याचदा तेच आधी जाणार असतं. माझं मत विचाराल, तर फोटो काढावा. पण फक्त धुकं आणि सावली नको. एक फोटो समोरून, सरळ, नाव वाचता येईल असा काढावा. शेवाळ खरवडू नये, दगडावर खडू घासू नये. आणि शेजारी घरचे लोक पाणी घालत असतील, तर कॅमेरा खाली.

महाराष्ट्रात असाच विचार वीरगळांबद्दल करता येतो. लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेले हे दगड अनेक गावांच्या वेशीवर, देवळाच्या अंगणात पडलेले असतात. खाली लढाई, वर स्वर्ग, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर नाव राहील, या आशेनं. बहुतेकांवर नाव लिहिलेलंच नाही. पुढच्या वेळी गावी गेलात, तर आजोबांना विचारा, "आपल्या वेशीवर वीरगळ आहे का हो?"

शब्दार्थ
थडगं : मृत माणसाच्या अस्थी किंवा देह ठेवलेल्या जागेवरचं बांधकाम
तिन्हीसांज : संध्याकाळ, दिवा लावायची वेळ
कडमडणे : नको तिथे जाणे (बोलीभाषा)
वेस : गावाची सीमा, गावाचं प्रवेशद्वार
खरवडणे : घासून काढणे

बोला आणि लिहा
१. 'साबी' आणि 'जुनं ते सोनं' यांत काय फरक आहे? तुमच्या घरातल्या एका वस्तूचं उदाहरण द्या.
२. 'ख' म्हणजे आकाश. 'खगोलशास्त्र' म्हणजे कशाचा अभ्यास?
३. कोणीही भेटायला येत नाही अशा थडग्याचा फोटो इंटरनेटवर टाकावा का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा, मग आजी-आजोबांचं मत विचारून तेही लिहा.