कुंडलिकेचे खोरे आणि आपला ऊस



लागणीची नोंद द्यायला आलेल्या सभासदास "पाणी किती?" असे विचारले, की "नदीकाठची विहीर आहे साहेब, काळजी नको," हे उत्तर ठरलेले. नदीकाठ म्हणजे पाणी, हे आपण धरूनच चालतो. ते कितपत खरे, हे नदीची घडण पाहिल्यावर कळते.

कुंडलिका नावाच्या नद्या महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. रोह्याची वेगळी, जालन्याची वेगळी. आपली कुंडलिका बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, वडवणी तालुक्यातून उत्तरेकडे उतरते आणि सिंदफणेला मिळते. उपळी येथे तिच्यावर मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीत जाते. बालाघाटाच्या उत्तर अंगाचे पाणी असे जाते. दक्षिण अंगाचे मांजरेत जाते, आणि तीही लांबचा वळसा घालून कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते.

आता जमिनीच्या पोटात पाहू. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, थरावर थर रचलेला. अखंड थरात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या मुरमात, फुटलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. डोंगरपायथ्याच्या हलक्या रानात मुरूम पातळ, उतार जादा. म्हणून विहीर पोळ्याला तुडुंब आणि संक्रांतीनंतर दोन तासांवर. तिथले पाणी चोरीला जात नाही, ते उतारानेच खालच्या शिवारात आणि नदीत झिरपते. खालच्या अंगाला काळी जमीन खोल, विहिरी टिकाऊ. पण तिथे निचरा कमी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काळ्या रानातली पिके पाण्यात बसली, हे आपण पाहिलेच आहे.

नदीतली वाळू हीसुद्धा साठवणच आहे. ओल्या वाळूत पाणी उन्हापासून झाकलेले राहते व काठाच्या विहिरींना पाझरत राहते. वाळू उपसून पात्र खोल केले, की उलटे होते: विहिरीचेच पाणी नदीकडे ओढले जाते. वाळूच्या ट्रॅक्टरचे भाडे एकाला मिळते, विहीर मात्र दहा जणांची उतरते.

एक हिशेब करू. जिल्ह्यात पाऊस साधारण ६५ सें.मी. धरा. सुरू उसाला पाटपाण्याने सुमारे २५० सें.मी. पाणी लागते. म्हणजे एक एकर ऊस जवळजवळ चार एकरांवरचा सगळा पाऊस पितो. आणि सगळा पाऊस विहिरीत येतो कुठे? कातळाच्या मुलखात त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेसहा सें.मी. मुरला तरी पुष्कळ. उसाच्या रानात पडलेल्या पावसाचे ४० सें.मी. कामी आले असे धरले, तरी राहिलेले २१० सें.मी. विहिरीने द्यायला तीस-बत्तीस एकरांवरचे मुरलेले पाणी हवे. हिशेब ढोबळ आहे, पण शेजाऱ्याची विहीर आपल्या बोअरने का आटते ते यातून उमगावे. ठिबकने गरज निम्म्याच्या आसपास येते. पाचट न जाळता सरीत पसरले, तर पाण्याची पाळीही लांबते.

कालव्याखालच्या सभासदांचा हिशेब आवर्तनावर चालतो, तो वेगळा. विहिरीवरच्यांनी मात्र असे करावे. पायथ्याच्या हलक्या रानात आडसाली लावूच नये. आडसाली जुलै-ऑगस्टात लागते, पुढचा अख्खा उन्हाळा तिला काढावा लागतो, आणि पाणी तुटले की दीड वर्षाचा खर्च वाळतो. तिथे ज्वारी, हरभरा बरा. काळ्या खोल रानात सुरू किंवा पूर्वहंगामी घ्यावा, पण आधी चर काढून निचरा करावा. पात्राच्या कडेपर्यंत नांगर नेऊ नये. काठाचे गवत, करंज राहू द्यावे, नाहीतर पुरात बांधासह माती जाते.

खोडव्याचा निर्णय अंदाजाने घेऊ नका. दिवाळीला दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी मोजा, पुन्हा संक्रांतीला मोजा. मधल्या काळात किती हात उतरले ते वहीत लिहा. त्याच वेगाने मे अखेरपर्यंत पाणी पुरत नसेल, तर खोडव्याचे क्षेत्र तोडीपूर्वीच कमी करा आणि तसे गट कार्यालयात कळवा. वही सोबत आणावी, म्हणजे ऊस नोंदीच्या वेळी मोटेवर नव्हे, मापावर बोलता येईल.