रडत घेतली तरी चालेल

मुलुंड (पूर्व),
रविवार

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. रेडिएशन कधीच संपलंय, केस परत आलेत, तेही कुरळे, ऑफिसही सुरू झालंय. तरी पोरगी हसत नाही आणि रोजची गोळी तिने परस्पर बंद केलीय, असं म्हणाली. फोन केला तर ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होशील, म्हणून पत्रच लिहायला बसले. या वाटेने मी तुझ्या आधी गेले आहे, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

पहिलं म्हणजे, हसली नाहीस तरी चालेल. सोसायटीतल्या बायका, ऑफिसातले, लांबचे काका, सगळ्यांचं एकच पालुपद: पॉझिटिव्ह राहा. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यावर त्याचं ओझं होतं. एखाद्या रात्री रडू आलं की वाटतं, झालं, आपणच दुखणं परत ओढवून घेतलं. तसं काही नसतं गं. अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास झाला, २००७ साली तो छापून आला. मनाने उभारी धरलेले जास्त जगले आणि खचलेले लवकर गेले, असं काही त्यात दिसलं नाही. मला तर ते वाचून हायसं वाटलं. तेव्हा रड, चिडचिड कर, देवाला चार शब्द सुनाव. फक्त गोळी घे. तिला तुझा मूड कळत नाही. रडत घेतली तरी ती आपलं काम करते.

मी आशा म्हणते ती एवढीच. मनात काय चाललंय ते चालू द्यायचं आणि ठरलेलं काम ठरलेल्या वेळी करायचं.

ही गोळी कुठून आली, ठाऊक आहे? १९६२ साली इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या बाईंनी टॅमॉक्सिफेन तयार केलं. शोध चालला होता गर्भनिरोधक औषधाचा, आणि त्या कामात ते सपशेल नापास झालं. पण स्तनाच्या ज्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात, त्यांच्या पेशींवरची इस्ट्रोजेनची जागा ते अडवून बसतं, हे पुढे कामी आलं. तुझ्या रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय ते याच जागेबद्दल. अशा बायकांनी पाच वर्षं गोळी घेतली तर पुढल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, असं हजारो रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं. दिवसाला एक स्वस्तातली गोळी, आणि तिची ही करणी!

त्रास होतो, मान्य. अंगातून वाफा निघतात, चादर भिजते, सांधे धरतात. मग ते डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात. झोपेची किंवा नैराश्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. त्यातली काही औषधं टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतात.

आणि मुलाचा विषय. तू बोलली नाहीस, पण मला कळतं. ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेवर बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन, मग दिवस राहावेत म्हणून दोन वर्षांपर्यंत त्या थांबवल्या. साडेतीन वर्षांच्या आसपास पाहिलं, तेव्हा त्यांच्यात रोग उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. हा अभ्यास २०२३ साली आला. पुढची वर्षं अजून बघायची आहेत. म्हणजे गोळीला सुट्टी मिळते, पण रीतसर अर्ज करून, डॉक्टरांच्या सहीने. तू मारलीस ती दांडी.

आता ते आकडे, जे तू रात्री मोबाइलवर बघत बसतेस. आपल्या देशातल्या अकरा कॅन्सर नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ मधल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा हिशेब मांडलाय. पाच वर्षांनी १०० पैकी ६६ जणी हयात होत्या. रोग स्तनापुरताच असेल तर ८१, काखेतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर ६५. तू त्या ६५ वर बोट ठेवून बसली असशील. पण त्या शंभरात पैशांअभावी उपचार अर्धवट सोडलेल्या असतील, घरच्यांनी उशिरा नेलेल्याही असतील. तू शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं पुरं केलंस. आता नेमका गोळीपाशी हिशेब कशाला बिघडवतेस?

आणि आकडे जागचे हलत नाहीत असंही नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत १,६०० बायकांवर एक प्रयोग झाला. गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती भुलीचं साधं इंजेक्शन द्यायचं, एवढंच. सहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेलं.

हाताकडे लक्ष दे. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, तर फिजिओथेरपिस्टला दाखव. लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. हात जपायचा म्हणून नुसता गळ्यात बांधल्यासारखा ठेवू नकोस. शिकवल्याप्रमाणे हळूहळू वाढवलेला व्यायाम त्याला चांगलाच असतो.

तपासणीला जाताना बोरिवलीहून लेडीज डब्यात लोंबकळू नकोस. व्हीलचेअरचं चित्र असलेला दिव्यांगांचा डबा कॅन्सरच्या रुग्णांसाठीही आहे. तो जिथे थांबतो तिथे फलाटावर पीं-पीं वाजत असतं. आत शिरलीस की कुणीतरी तुला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून विचारणारच, ‘आपको क्या हुआ है?’ वर दिसत काहीच नाही ना! हॉस्पिटलचा कागद पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, दाखवायचा आणि बसायचं. लाजायचं कारण नाही. प्रभादेवीला उतर, तिथून हॉस्पिटल जवळ आहे.

एक काम घरच्यांसाठी. मावशीला झाला आणि भाचीला इतक्या लहान वयात, तेव्हा जनुकीय तपासणी करायची का, हे या खेपेला डॉक्टरांना विचारच. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी ते महत्त्वाचं आहे. आणि तुझ्या आईला मी तपासायला नेते आहे, ती कितीही ‘मला काय धाड भरलीय’ म्हणो. मुंबईच्याच वस्त्यांत टाटाने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. कुणीतरी वेळेवर हात लावून बघितलं, म्हणून.

शेवटचं. ऑफिसने पुण्याचं ट्रेनिंग देऊ केलं आणि तू ‘पुढचं कुणी पाहिलंय’ म्हणून नाही म्हणालीस, असं कळलं. पुढचं त्या डब्यात बसलेल्या कुणीच पाहिलेलं नसतं, तरी सगळे पास काढतात. माझी केमो चालू होती, तेव्हा मी पोस्टात जाऊन पीपीएफचं खातं उघडलं होतं. पंधरा वर्षांची मुदत ऐकून तुझे काका गप्प झाले आणि फॉर्म भरून देणारा कारकून माझ्या टकलाकडे बघत राहिला. खातं पिकलं, पैसे घेतले, तुझ्या लग्नातली माझी पैठणी त्यातलीच. ट्रेनिंगला हो म्हण. गोळी आज रात्रीपासून सुरू कर आणि बंद ठेवली होती हे डॉक्टरांना खरं खरं सांग, ते खाणार नाहीत. आणि पीपीएफ नसेल तर तेही उघड, व्याज बरं मिळतं.

तुझी,
मावशी